पाणियपोढी

वैशाखऱ्याहून नाणेघाटाची चढण सुरू केली तेव्हा माझ्या पाठीवर चार लिटर पाणी होतं. म्हणजे चार किलो ओझं. पुढे चालणाऱ्या काकांकडे बाटली नव्हती. खांद्यावर पंचा, हातात काठी आणि कमरेला सुतळी बांधलेला स्टीलचा तांब्या, एवढंच.

"काका, पाणी?"

"वर आहे की, ताई. कशाला वाहून न्यायचं?"

फेब्रुवारीचं ऊन अकरालाच चटके देऊ लागलं आणि दगडी पायऱ्यांपर्यंत माझ्या तीन बाटल्या संपल्या. ह्याच पायऱ्यांवरून दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल जुन्नरला चढायचा. माणसं आणि लादलेली जनावरं एवढं चढून आली की त्यांना पहिल्यांदा काय हवं असेल, ते सांगायला इतिहासकार नको. वरच्या टप्प्यावर, लेण्याशेजारीच, कातळात टाकी खोदलेली आहेत.

मी बाटली बुडवायला वाकले, तर काकांनी हात धरला. "हात नाय घालायचा पाण्यात." त्यांनी सुतळी सोडून तांब्या आत टाकला, भरून वर ओढला आणि पंच्याची चौपदरी घडी करून त्यातून पाणी माझ्या बाटलीत गाळलं.

मला नारू आठवला. ह्या कृमीची पिल्लं पाण्यातल्या बारीक पिसवांच्या पोटात असतात. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की त्याच्या फोडातून कृमी पाण्यात पिल्लं सोडायची आणि ते पाणी पिणारा पुढचा रोगी व्हायचा. कापडानं पाणी गाळणं आणि पाण्यात पाय न घालणं, ह्या दोन साध्या सवयींचा नारूला हटवण्यात मोठा वाटा होता. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. जंतू मात्र पंच्यातून आरपार जातात. म्हणून मी बाटलीत क्लोरीनचे थेंब टाकले आणि अर्धा तास थांबायचं ठरवलं. काका तांब्यातलं पाणी गटागटा प्याले. "तुमचं शिजू द्या अजून," म्हणाले.

तो अर्धा तास लेण्यात गेला. इथे सातवाहन राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता फार तर पावलं उरली आहेत, आणि वर ब्राह्मीत कोरलेली नावं. बाजूच्या भिंतींवर राणी नागनिकेचा लेख आहे. अश्वमेध, राजसूय आणि त्यांत दान दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापणं. हे आकडे आपल्याकडच्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांत मोजले जातात.

पण मला आठवत होता तो दुसराच, एका ओळीचा लेख. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनारानं एक टाकं दान दिलं. लेखातला त्याचा शब्द आहे 'पाणियपोढी'. पोढी म्हणजे टाकं. राणीनं यज्ञ केले, सोनारानं पाणी दिलं, आणि दोघांनीही ते दगडावर लिहून ठेवलं.

बाहेर येऊन टाक्यात डोकावले. तोंड लहान, पोट कातळाखाली आत गेलेलं. ऊन पोचत नाही, म्हणून पाणी कमी उडतं, शेवाळ कमी धरतं आणि गार राहतं. पुढे गडकोटांनीही हाच धडा गिरवला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहायला सांगितलं आहे. वर एका झऱ्यावर भिस्त ठेवू नका, झुंजीत तोफांच्या दणक्यानं तो आटू शकतो, ही ताकीदही.

अर्धा तास झाला. पाण्याला औषधाचा वास होता, पण खालून आणलेल्या कोमट पाण्यापेक्षा ते कितीतरी गार होतं.

घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण बघायला निघालो. काकांची कमर मोकळी दिसली.

"तांब्या राहिला खाली!"

"राहू दे. त्यासाठीच आणलेला. आधीचा माकडांनी पाण्यात पाडला."

परतताना मी तो उचलून पाहिला. लग्नाच्या आहेरातला असावा. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव घासून पुसट झालं होतं. लागत होते ते शेवटचे दोन शब्द : सप्रेम भेट.