पाण्यातील ऊब

आषाढ लागला की खालापूर तालुक्याच्या डोंगरांना पाझर फुटतात. खोपोलीचा झेनिथ धबधबा कोसळू लागतो, पाताळगंगा दुथडी भरते आणि मुंबई-पुण्याची कुटुंबे वर्षासहलीसाठी बोरघाटाच्या पायथ्याशी येतात. प्रशासन मनाई आदेश काढते, फलक लावते. तरीही कोणी ना कोणी पाण्यात सापडतो. मग परिसरातील स्वयंसेवकांची बचावपथके धावतात. गढूळ डोहात तासन्‌तास शोध घेणाऱ्या या तरुणांना प्रवाहाचे भय ठाऊक असते. परंतु त्यांचा दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे गारठा.

पावसाळ्यातील हे पाणी बर्फासारखे नसते, म्हणूनच ते फसवते. मानवी शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते आणि पाणी हवेपेक्षा जवळजवळ २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर ऊब हे शरीराचे खेळते भांडवल. खर्च सतत चालू आणि जमा तोकडी असेल, तर पेढी कितीही भक्कम असो, ती बुडतेच. अंतर्भागाचे तापमान ३५ अंशांखाली गेले की बोटे आखडतात, दोराची गाठ सुटत नाही, विचार मंदावतो. थरथर कमी झाली म्हणजे बरे वाटू लागले, असा समज होतो. वस्तुतः ती धोक्याची अखेरची खूण असू शकते.

यावर उपाय शोधला तो ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्याने निओप्रीन रबराचा पाणबुड्यांचा पोशाख सिद्ध केला. त्याचे मर्म असे की, अंग कोरडे राहिले नाही तरी चालते. रबरातील सूक्ष्म वायूचे बुडबुडे उष्णता अडवतात आणि आत शिरलेले थोडे पाणी अंगालगत स्थिर राहते. मात्र १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे निम्मे आकुंचन पावतात आणि पोशाखाची ऊबही घटते. म्हणून अतिथंड पाण्यात आत हवा राखणारा कोरडा पोशाख वापरतात. अनुभवी पाणबुडा डोके व हात झाकतो आणि हुडहुडी सुरू होताच वर येतो. काम अपुरे सोडून परतणे हा त्याच्या शिस्तीचाच भाग असतो.

सहलीला जाणाऱ्या कुटुंबांनीही ही शिस्त अंगी बाणवावी. १९१५ पासून खोपोलीच्या टाटा वीजगृहातून घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी पाताळगंगेत येते; त्यामुळे पाऊस नसतानाही पातळी वाढू शकते. पाण्यात पडलेल्याला बाहेर काढल्यावर आडवे निजवावे, ओले कपडे उतरवावेत, कोरड्या चादरीत डोक्यासह गुंडाळावे. हातपाय चोळू नयेत, शेकोटीजवळ नेऊ नये. शुद्ध असेल, तरच कोमट गोड पेय घोटघोट द्यावे आणि तत्काळ वैद्यकीय मदत मिळवावी.

घरातून निघताना डब्याबरोबर प्रत्येकासाठी कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि एक जाड चादर घ्यावी. आणि मनाईचा फलक दिसला, तर मुलांच्या हट्टापुढे न नमता तेथूनच परत फिरावे. ज्या बचावपथकाला बोलवावे लागले नाही, त्यातील तरुणही त्या दिवशी आपल्या घरी सुखरूप असतो.