‘चाक आउट हाय!’

सायकल चालवणाऱ्याला लोक साधारण दोनच प्रश्न विचारतात. पहिला, ‘पेट्रोल परवडत नाही का?’ आणि दुसरा, ‘बारीक व्हायचंय का?’ तिसरा प्रश्न आमच्या हॉस्टेलच्या वॉचमनकाकांनी एका रविवारी पहाटे साडेपाचला विचारला, ‘एवढ्या घाईनं कुठं? मागं कोण लागलंय?’ हा प्रश्न मात्र अगदी नेमका होता. मागे घड्याळ लागलं होतं!

टाइम ट्रायल म्हणजे घड्याळाशी शर्यत. यात सगळे एकदम सुटत नाहीत. एकेका मिनिटाच्या अंतराने एकेकाला सोडतात, ठरलेलं अंतर ज्याने त्याने एकट्याने कापायचं, आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल तो पहिला. दुसऱ्याच्या मागे चिकटून वारा चुकवायला सक्त बंदी. मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्यात एक मोठा घोळका दिसतो, तो बोरघाटात फुटतो आणि मग कुणीतरी ‘घाटाचा राजा’ ठरतो. टाइम ट्रायलमध्ये घोळका नाही, राजा नाही आणि प्रेक्षकही नाहीत. असलीच तर एखादी म्हैस, आणि तिलाही आपल्यात काडीचा रस नसतो.

हा खेळ इंग्लंडात वाढला, आणि तोही चोरून. १८९०च्या सुमारास तिथे रस्त्यावरच्या सायकल शर्यतींवरून इतक्या तक्रारी झाल्या, की सायकलवाल्यांच्या संघटनेनेच त्यांच्यापासून हात झटकले. तेव्हा एफ. टी. बिडलेक नावाच्या गृहस्थांनी १८९५ मध्ये ही युक्ती काढली. एकेकाला सोडा, भल्या पहाटे सोडा, अंगात काळे कपडे घाला, म्हणजे शर्यत चालू आहे याचा कुणाला पत्ताच लागणार नाही. पुढे तर रस्त्याचं नाव न लिहिता नुसता अक्षर-आकड्यांचा कोड द्यायची पद्धत पडली. सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्याकडे जर्नल जशी रूममधून रूममध्ये फिरते, साधारण तेवढीच गुप्तता!

आमचा कोर्स असा : सांगलीहून माधवनगर ओलांडायचं, रेल्वे, बाजार, रिक्षा हे सगळं मागे टाकायचं, आणि तिथून तासगावच्या दिशेने दहा किलोमीटर. तिथे एका द्राक्षबागेच्या शेडजवळ दगडाला चुना फासलेला आहे. त्याला वळसा घालून परत. एकूण वीस किलोमीटर. आम्ही सहा-सातजण असतो आणि ज्याचा पाय दुखतोय तो मोबाईलवर वेळ घेतो. ऊसतोडणीच्या दिवसांत दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर सहा वाजल्यापासूनच रस्त्यावर असतात, त्यामुळे तेव्हा आम्ही अजून लवकर निघतो. रस्त्यावर पडलेलं उसाचं कांडकं टायरखाली आलं तर काय होतं, हे मी इथे लिहीत नाही. घरी अंक जातो.

पहिल्या वेळी मला ४६ मिनिटं १२ सेकंद लागली. म्हणजे ताशी २६ किलोमीटर. मग अर्थातच डोक्यात एक आकडा बसला : ४० मिनिटं. ताशी तीस. चारच किलोमीटर तर वाढवायचेत, त्यात काय!

त्यात काय ते फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो आणि तो कापायला लागणारी पॉवर घनात. २६ वरून ३० म्हणजे वेग जेमतेम पंधरा टक्क्यांनी वाढला, पण हवेसाठीची पॉवर दीडपट झाली. मेसच्या जेवणावर दीडपट पॉवर काढायची, म्हणजे अगोदर मेस सेक्रेटरीशी भांडायला हवं. त्यापेक्षा वाकणं सोपं. कोपर आत, डोकं खाली, फडफडणारा टी-शर्ट काढून अंगाला घट्ट बसणारा बनियन. एवढ्यावर माझी दोन मिनिटं गेली. हसू नका. १९८९ ची टूर द फ्रान्स शेवटच्या दिवशीच्या २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलवर ठरली. त्या सकाळी ग्रेग लेमाँड लोराँ फिन्योंच्या ५० सेकंद मागे होता. त्याने पुढे लांबवलेल्या दांड्यांवर हात टेकले आणि डोक्यात निमुळतं हेल्मेट घातलं. फिन्यों मोकळ्या डोक्याने, केसांची शेपटी उडवत आला. तीन हजार किलोमीटरांहून लांब शर्यत लेमाँडने आठ सेकंदांनी जिंकली. तेव्हापासून फिन्योंची शेपटी हा सायकलवाल्यांच्या गप्पांचा कायमचा विषय आहे.

आणखी एक फसवा हिशोब वाऱ्याचा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैऋत्येकडचा. तासगावकडे जाताना तो पाठीवर असतो, येताना तोंडावर. ‘जाताना मिळवलं, येताना गेलं, फिट्टंफाट!’ असं आमच्यातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचं ठाम मत होतं. त्याला कागदावर करून दाखवलं. जाताना ३५ आणि येताना २५ पडला तर सरासरी ३० येत नाही, २९.१७ येते. कारण हळू वेगाने तुम्ही जास्त वेळ चालवत असता. वीस किलोमीटरला एक मिनिट नऊ सेकंदांचा फटका! वारा फुकट देत नाही. तो फक्त व्याजाने देतो.

सप्टेंबरपर्यंत मी ४१ मिनिटं ३५ सेकंदांवर आलो आणि तिथेच अडकलो. पायांत दम होता, पण सायकल साथ देईना.

माझी सायकल एका सिनिअरने पास होऊन जाताना विकलेली. सात गिअर, स्टीलची फ्रेम, रंग मूळचा कोणता यावर मतभेद आहेत. अशा सायकलीला रोज काहीतरी होतं. या रस्त्याला वेड्या बाभळीचे काटे, आणि बागांच्या मांडवातून पडलेले तारेचे बारीक तुकडे. पंक्चर काढायला मी पहिल्याच महिन्यात शिकलो. मेसमधून आणलेलं घमेलं, कानस, सोल्यूशन, ठिगळ. (सोल्यूशन लावल्यावर ते वाळेपर्यंत थांबायचं असतं. हॉस्टेलमधल्या निम्म्या लोकांचं ठिगळ इथेच सुटतं.) चेनचं माप पट्टीवर घ्यायला शिकलो. नव्या चेनच्या २४ पिना बरोबर १२ इंचांत मावतात. त्यावर एक अष्टमांश इंच जास्त भरला की नुसती चेन बदलून भागत नाही, मागची दातेरी चक्रंही गेली समजायचं. चेन ‘ताणली’ म्हणतात, पण ती ताणत नाही. पिना झिजतात, आणि शंभरेक पिनांची झीज एकत्र मोजली जाते.

पण मागच्या चाकाचा स्पोक तुटला की माझं काही चालायचं नाही. दोन महिन्यांत तीन वेळा तुटला. तिसऱ्या वेळी तर ट्रायल चालू असतानाच, परतीच्या चौथ्या किलोमीटरला. ‘टंग’ असा आवाज, पाठोपाठ रिम ब्रेकला घासायला लागली. ब्रेकची वायर ढिली करून तसाच आलो. ४४ मिनिटं.

चाक घेऊन कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात गेलो. दुकान म्हणजे चार पत्रे आणि हवेची टाकी. दुकानदाराला सगळं हॉस्टेल मामा म्हणतं. मामांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. चाक त्यांनी पाहिलंच नाही. हातात घेऊन गरकन फिरवलं, रिमजवळ अंगठ्याचं नख धरलं आणि म्हणाले, ‘चाक आउट हाय!’

‘ते मलाही माहीत आहे मामा. एक स्पोक घाला आणि आउट काढा.’

‘एक घालून काय करतोस? आजवर तीन घातल्या की. पुढच्या आठवड्यात चौथी तुटंल. डावीकडच्या सगळ्या तारा दमल्यात लेका.’

मग त्यांनी एक गोष्ट केली. डावीकडचे स्पोक एकेक करून बोटाने छेडले. टंग, टंग, टुंग, टक्. नंतर उजवीकडचे. ते सगळे वरच्या पट्टीत आणि जवळजवळ एकसारखे. शेजारच्या मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांची आख्खी गल्ली आहे. पण सायकलचं चाक सुरात लावतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मागच्या चाकाला उजवीकडे गिअरची चक्रं असतात. त्यांना जागा द्यायची म्हणून रिम उजवीकडे ओढून मधोमध आणावी लागते. त्यामुळे उजवे स्पोक घट्ट आणि डावे मूळचेच ढिले. प्रत्येक फेऱ्यात स्पोक खाली आला की त्याचा ताण कमी होतो, वर गेला की परत येतो. घट्ट स्पोकला त्याचं काही वाटत नाही. ढिला मात्र दर फेऱ्याला पार सैल पडतो आणि पुन्हा ओढला जातो, आणि हबजवळ जिथे वाकवलेला असतो तिथेच एक दिवस तुटतो. आमच्या वीस किलोमीटरांत चाकाचे साडेनऊ हजारांच्या आसपास फेरे होतात. मशीन डिझाइनला फटीगचा एस-एन कर्व्ह मी तोंडपाठ लिहिला होता, त्याला मार्कही चांगले पडले होते. पण तो कर्व्ह ‘टक्’ असा वाजतो, हे मामांनी ऐकवलं.

‘सोळा तारा देतो,’ मामा म्हणाले. ‘पण भरणार तू. पाडव्याला मी दुकान बंद करतोय. पोरगा चाकणला बोलावतोय. माझ्यामागं हॉस्टेलच्या सायकली कोण बघणार?’

यावर काय बोलायचं ते मला सुचेना. मी स्पोक मोजून घेतले.

वर्कशॉपच्या सरांना विचारलं तर त्यांनी भंगारातला एक फोर्क काढून दिला. तो बाकावरच्या व्हाइसमध्ये उलटा पकडला आणि त्याची टोकं मागच्या एक्सलच्या मापाला फाकवली की झाला आउट काढायचा स्टँड. सरांना उत्साह इतका, की त्यांनी रिमला डायल गेजच लावला! तीन संध्याकाळी घालवल्या. पाव फेरा निपल फिरवला की स्पोक साधारण ०.११ मिलिमीटर ओढला जातो. एकीकडे आवळलं की चाक दुसरीकडे फुगतं, तिथे आवळलं की अंडाकृती होतं. तिसऱ्या संध्याकाळी गेजची सुई अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली. सर खूश, मी खूश. चाक मिरवत मामांकडे नेलं.

मामांनी नख धरलं, मान डोलावली. ‘सरळ हाय.’ मग बोटाने छेडलं, एकेक. ‘पण ही बेसूर. ही पण. ह्या दोघी काम करत न्हाईत, शेजारणी त्यांचं वढत्यात. आठ दिवस सरळ ऱ्हाईल. मग?’

डायल गेज रिम सरळ आहे का ते सांगतो. कोणत्या स्पोकवर किती ताण आहे, ते त्याला कळत नाही. तो आवाजात असतो, कारण तारेचा सूर ताणाच्या वर्गमुळात चढतो. सुरात फरक ऐकू येतो तेव्हा ताणात त्याच्या दुप्पट फरक पडलेला असतो. पुन्हा सगळं ढिलं केलं आणि कानाने लावलं. शेवटी मामांनी दोन-दोन समांतर स्पोक मुठीत धरून जोरात आवळायला लावले. ‘कट् कट्’ असे आवाज आले. ‘बसल्या जाग्यावर. आता पुन्हा आउट बघ.’ जोब्स्ट ब्रँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरचं ‘द बायसिकल व्हील’ हे १९८१ चं पुस्तक नंतर वाचलं. स्पोक असे आवळल्याने आतला उरलेला स्ट्रेस निघतो, असं त्यात सविस्तर दिलंय. मामांना मी ते सांगितलं. ‘छापलंय व्हय?’ एवढंच म्हणाले.

स्कॉटलंडचा ग्रॅम ओब्री हा माझा आवडता सायकलवाला. त्याने सायकल स्वतःच बनवली आणि तिच्यात वॉशिंग मशीनची बेअरिंगं बसवली. १७ जुलै १९९३ ला नॉर्वेतल्या हामारच्या ट्रॅकवर तो तिच्यावरून तासाभरात ५१.५९६ किलोमीटर गेला. जागतिक विक्रम! सहाच दिवसांनी ख्रिस बोर्डमनने तो मोडला, हा भाग मी मामांना सांगितला नाही.

दिवाळीआधीच्या रविवारी वारा पडलेला होता. माझा नंबर तिसरा. जाताना १९ मिनिटं ५५. परतीला चाकाकडे कान लावून होतो. ते गप्प होतं. शेवटच्या किलोमीटरला उसाचा एक ट्रॅक्टर समोरून अख्खा रस्ता अडवून आला, त्याला वाट द्यायला साईडपट्टीवर उतरलो, वर आलो. ४० मिनिटं ६ सेकंद.

मामांना आकडा सांगितला. त्यांनी सेकंदांचं काही विचारलं नाही. मागचं चाक उचलून फिरवलं, नख धरलं, सोळाही तारा छेडल्या आणि गल्ल्यातून स्पोक आवळायची चावी काढून माझ्या हातावर ठेवली. तिच्या खाचा त्यांच्या अंगठ्याने गुळगुळीत झाल्यात.

दुकान आता बंद आहे. हवेची टाकी शेजारच्या पानवाल्याने घेतली. वर्कशॉपच्या सरांनी तो फोर्क व्हाइसजवळच ठेवू दिलाय. शनिवारी संध्याकाळी चार ते सहा मी तिथे असतो. आत्तापर्यंत अकरा चाकं झाली, त्यात रेक्टरसरांच्या मुलीच्या छोट्या सायकलचं एक. स्पोक आपापले आणावेत, ठिगळाचे पैसे नाहीत. मोबाईलवर गाणी लावू नयेत, काही ऐकू येत नाही.