पाट्यांचे वार्धक्य

केस काळे करण्याची विद्या सर्वांनाच हवी असते. आम्ही मात्र फावल्या वेळी कोऱ्या पाट्यांना म्हातारपण आणीत बसतो. वाचक हसतील, पण त्यात थोडा विचार आहे.

आमचे गाव जांब समर्थ. समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून ते सर्वांस ठाऊक आहे. लहानपणी आम्ही गाडी धरीत असू ती परतूर स्थानकावर. निजामाच्या राज्यात घातलेला तो मीटर रुंदीचा लोहमार्ग गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात रुंद झाला आणि आमची लहान गाडी कायमची गेली. पुण्यास कोथरुडात भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले, १९९८ साली खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय पाहिले, तेव्हा ती गाडी मेजावर तरी धावावी असे मनाने घेतले. प्रमाण एकास सत्त्याऐंशी : मीटरभर मार्ग साडेअकरा मिलिमीटर, दोन मीटरांची पाटी तेवीस.

एवढीशी पाटी कागदावर छापावी, तर ती काल केल्यासारखी दिसते. म्हणून कागद मागून काचकागदाने घासून पातळ करावा. मग त्याची कड पत्र्यासारखी भासते. पिवळ्या रंगावर पांढरट छटा द्यावी, कारण उन्हाने रंगाचा बंध सुटून भुकटी वर येते. गंजाचा ओघळ बारीक कुंचल्याने खिळ्यापासून खाली ओढावा. छज्जाखालची वरची बाजू उजळ ठेवावी, तळाशी मातीचे शिंतोडे द्यावेत. शेवटी चकाकी मारणारे रोगण फिरवावे. चकाकी राहिली की खेळणे उघडे पडते.

कोणी म्हणेल, ही लबाडीच झाली. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या डागाला ऊन, पाऊस, धूळ यांपैकी कोणी जनक नाही, तो डाग लबाड, बाकीचे खरे.

तथापि एक मोह आवरावा लागतो. हात बसला की सर्वत्र गंज चढवावासा वाटतो आणि जिवंत स्थानकाचे पडके अवशेष होतात. परतूर तर उतारूंनी गजबजलेले असे. रात्री डब्याच्या खिडकीतून माणूस पाटी वाचीत असे ते नाव कळावे म्हणून. यास्तव आम्ही एक नेम केला आहे : म्हातारपण कडांना येऊ द्यावे, अक्षरांना नाही. गेलेल्या गाडीचा शोक पाटीवर लिहू लागलो, तर उतरणाऱ्याला आपले गाव आले हे कळणार कसे?