कार्डाची साक्ष

यंत्र खोटं बोलत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. पण दारावरचं यंत्र माणसाला ओळखतच नाही. ते कार्डातला नंबर वाचतं आणि दार उघडतं. कार्ड कोणाच्या हातात आहे, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

माझा भाचा एका गोदामात रात्रपाळी करतो. त्याच्या सुट्टीच्या रात्री त्याच्याच कार्डाने दार उघडल्याची नोंद निघाली आणि सकाळी माल कमी भरला. तो घरी होता, पण हे सांगणारी फक्त त्याची आई. "मामू, मशीनपुढे अम्मीची गवाही कोण मानणार?" असं तो म्हणाला. मॅनेजरच्या परवानगीने आम्ही ते कार्ड चाव्या बनवणाऱ्याकडे नेलं. त्याने हातात मावणारं यंत्र काढलं आणि मिनिटाच्या आत दुसरं कार्ड तयार केलं. त्या कार्डानेही दार उघडलं. नोंदीत मात्र नाव आलं भाच्याचंच. तेव्हा कुठे चौकशी नव्याने सुरू झाली.

१२५ किलोहर्ट्झवर चालणारी जुनी, स्वस्त कार्डं अशीच असतात. जवळ येणाऱ्या कोणत्याही रीडरला ती आपला नंबर सांगून टाकतात. महाग कार्ड घेतलं की काम झालं, असंही नाही. मायफेअर क्लासिक या कार्डाची सांकेतिक पद्धत कंपनीने गुप्त ठेवली होती. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनी चिपचे थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती उलगडल्याचं दाखवलं. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाचे संशोधक तिचे दोष प्रसिद्ध करणार होते. एनएक्सपी कंपनी त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेली. जुलै २००८ मध्ये कोर्टाने बंदी नाकारली. ऑगस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावी ती फक्त किल्ली.

आजची चांगली कार्डं हेच करतात. रीडर दरवेळी नवा प्रश्न विचारतो. कार्ड आतल्या किल्लीने त्याचं उत्तर तयार करतं, पण किल्ली कधीच बाहेर देत नाही. त्यामुळे एकदा ऐकलेलं उत्तर पुन्हा वापरता येत नाही. एईएस पद्धतीची १२८ बिटांची किल्ली असावी आणि प्रत्येक कार्डाची किल्ली वेगळी असावी. मात्र असं कार्ड घेऊनही रीडर नुसता वरचा नंबरच वाचत असेल, तर सगळा खर्च पाण्यात. हरवलेलं कार्ड त्याच दिवशी बंद करावं. महत्त्वाच्या दारावर कार्डाच्या जोडीला पिन असावा.

एवढं केलं तरी नोंदीवरून इतकंच सिद्ध होतं, की एक कार्ड दारापाशी आलं होतं. ते आणणारा माणूस कोण, हे शोधावंच लागतं. तुमच्या सोसायटीत किंवा कारखान्यात उद्या एखाद्या वॉचमनवर, हमालावर, कामवाल्या बाईवर अशा नोंदीवरून बोट उठलं, तर आधी विचारा: या कार्डाची नक्कल होऊ शकते का? हा प्रश्न विचारण्याआधी कोणाची रोजी हिरावणं हा इन्साफ नव्हे.