पत आणि दानपत्र

पांझरेच्या कांठीं वसलेलें आमचें पिंपळनेर आज साक्री तालुक्यांत मोडतें. परंतु १८८० सालच्या खानदेश गॅझेटियरांत पिंपळनेर या नांवाचाच तालुका नोंदलेला आहे. आमचें घर जुन्या वस्तींतलें, धाब्याचें. थोरले बंधु, आम्ही, उभयतांचीं कुटुंबें, आणि अकालीं वैधव्य आल्यामुळें माहेरींच राहिलेली आमची वडील बहीण आक्का, अशीं सात माणसें एका चुलीवर जेवतों. या घरांत पैसा आजवर दिला-घेतला गेला तो तोंडच्या शब्दावर. भावानें भावाला कांहीं दिलें तर त्याचा कागद करावयाचा, ही कल्पनाच आम्हांस अभद्र वाटे. तसा कागद करण्याची पाळी अलीकडे आमच्यावर आली. ज्या घरचीं मुलें शहरांत नोकरीस आहेत त्या घरीं हा प्रसंग आज ना उद्यां यावयाचाच, म्हणून त्याची हकीकत येथें देत आहों.

आमचे धाकटे चिरंजीव नाशकास एका कारखान्यांत नोकरीस आहेत. भाड्याच्या घराला कंटाळून त्यांनीं ४२ लाखांची एक सदनिका पाहिली. बँक जवळजवळ सर्व रक्कम देईल अशी आमची भाबडी समजूत होती. परंतु गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किंमतीच्या ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत असेल तर ८० टक्के, आणि त्याहून मोठें असेल तर ७५ टक्के, यापुढें जावयाचें नाहीं अशी मर्यादा रिझर्व्ह बँकेनें घालून दिली आहे. शिवाय अशा घरांच्या बाबतींत मुद्रांकशुल्क व नोंदणी यांचा खर्च किंमतींत धरीत नाहींत. हिशेब मांडला तेव्हां पदरचे सव्वाअकरा लाख लागत होते. चिरंजीवांजवळ सव्वाचार होते. तूट सात लाखांची.

ती भरून काढण्यास आक्का पुढें झाली. तिनें तीस वर्षें बालवाडींत मुलें शिकविलीं. त्या नोकरीला निवृत्तिवेतन नव्हतें. पगारांतून आणि शिवणाच्या यंत्रावर मिळविलेल्या पैशांतून जमविलेली सात लाखांची ठेव, हीच तिची पुंजी. एके दिवशीं देवापुढें सांजवात लावून ती ओसरीवर आली आणि म्हणाली, "माझ्यामागें हें कुणाला जायचं? त्यालाच ना? मग डोळ्यांदेखत घर झालेलं बघूं दे कीं मला." आम्हीं थोडे आढेवेढे घेतले; पण खरें सांगावयाचें तर ते वरवरचेच होते.

रक्कम घरचीच, ती चिरंजीवांच्या खात्यांत भरली कीं झालें, असें आम्ही समजत होतों. परंतु बँकेनें पहिलाच प्रश्न केला, कीं हे सात लाख आले कोठून? यांत बँकेचा दोष नाहीं. पैसे उसने असतील तर तेंही एक कर्जच. दरमहा पगारांतून बँकेचा हप्ता जावयाचा आणि आत्येचाही जावयाचा, म्हणजे फेडीचा सारा हिशेब चुकला. यासाठीं बँक दानपत्र मागते. देणाराचें नातें काय, रक्कम किती, ती कोणत्या खात्यांतून गेली, हें त्यांत लिहावयाचें. आणि 'ही रक्कम मी परत मागणार नाहीं व या घरावर माझा कोणताही हक्क राहणार नाहीं,' या मजकुराखालीं देणारानें सही करावयाची. प्राप्तिकराची भीति मात्र नव्हती. परक्यांकडून वर्षांत ५०,००० रुपयांहून अधिक रकमेची भेट आली तर ती सगळीच उत्पन्नांत धरतात. पण आईबापांचीं भावंडें कायद्यानें नातलगांत मोडतात, त्यामुळें आत्येनें दिलेल्या पैशावर भाच्यास कर नाहीं.

बँकेच्या दुसऱ्या प्रश्नानें मात्र आमच्या तोंडचें पाणी पळालें. चिरंजीवांचा पतगुणांक ६४८ निघाला. आमच्या वयाच्या वाचकांसाठीं याचा थोडा खुलासा केला पाहिजे. आमच्या वडिलांच्या काळीं पगारदार मनुष्य घर बांधी तें बहुधा निवृत्त झाल्यावर, भविष्यनिर्वाह निधीच्या पैशावर. हसमुखभाई पारेख यांनीं १९७७ सालीं एचडीएफसी ही संस्था काढली, आणि ऐन उमेदींत दीर्घ मुदतीचें कर्ज काढून घर घेण्याची वाट मध्यम वर्गास हळूहळू मोकळी झाली. गांवचा सावकार ऋणकोला तीन पिढ्या ओळखत असे. शहरांतली बँक कोणाला ओळखणार? म्हणून ऋणकोंच्या व्यवहाराची नोंद ठेवणारी सिबिल ही संस्था २००० सालीं निघाली, २००५ सालीं त्यासाठीं कायदा झाला, आणि आज अशा चार संस्था आहेत. घेतलेलें कर्ज वेळेवर फेडलें कीं नाहीं यावरून त्या ३०० पासून ९०० पर्यंत गुण देतात. ७५० च्या वर गुण असले म्हणजे बँका सहसा संतोष मानतात. त्याखालीं एक तर व्याज चढतें, नाहीं तर अर्ज परत येतो.

चिरंजीव त्या शनिवारीं घरीं आले आणि जेवणें झाल्यावर त्यांनीं खालीं मान घालून सर्व सांगितलें. २०१९ सालीं पुण्यास असतांना त्यांनीं क्रेडिट कार्ड घेतलें होतें. पुढच्या वर्षीं टाळेबंदी आली आणि पगार निम्मा झाला. मार्च ते ऑगस्ट २०२० या महिन्यांतले हप्ते पुढें ढकलण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनें दिली होती, तिच्यावर तो काळ निभावला. पुढें मुभा संपली आणि पाठोपाठ नोकरीही गेली. थकबाकी ६१,००० रुपयांवर गेली. अखेर ३८,००० रुपयांवर तडजोड झाली. ते मित्राकडून घेऊन यांनीं भरले आणि प्रकरण मिटलें असें धरून चालले. परंतु नोंदींत 'सेटल्ड' असा शेरा पडला होता. त्याचा अर्थ फिटलें असा नव्हे. ऋणकोनें पुरतें दिलें नाहीं व धनकोनें उरलेलें सोडून दिलें, असा आहे. त्या दिवसांत दर रविवारीं फोनवर ते "सर्व ठीक आहे" असें सांगत, आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवून निश्चिंत झोपत होतों.

आम्ही संतापलों. आजोबांच्या नुसत्या शब्दावर साक्रीच्या पेढीवर रुपये मिळत, त्यांच्या घराण्याला हा बट्टा, असें पुष्कळ बोललों. चिरंजीव एवढेंच म्हणाले, "नाना, तुम्ही असेंच बोलाल म्हणून तेव्हां सांगितलं नाहीं." यावर आम्हांस उत्तर सुचेना. तेवढ्यांत आक्का आंतून म्हणाली, "आजोबांनीं हेंच घर दोनदां गहाण टाकलं होतं, तीं गहाणखतं अजून त्या लोखंडी पेटींत आहेत. तें कसं नाहीं सांगत मुलांना?" तिचें बोलणें खोटें नव्हतें. गहाणखतें पेटींत लपवून आम्हीं मुलांना फक्त घराण्याची पतच दाखविली होती. मग अडचण आली तेव्हां मुलानें ती लपविली, यांत नवल तें काय?

उपाय सरळ होता, पण वेळ खाणारा. तडजोडींत सुटलेले २३,००० रुपये चिरंजीवांनीं आपण होऊन भरले, 'कांहीं येणें नाहीं' असा दाखला घेतला, आणि तो जोडून नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज दिला. अशा तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला नाहीं, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेनें केला आहे, व तो एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यांची नोंद मुदतींतच बदलली. परंतु शेरा बदलला तरी उशिरांच्या नोंदी एकदम पुसल्या जात नाहींत. पुढचें वर्तन चोख ठेवणें हाच त्यावर इलाज. दहा महिने थांबावें लागणार हें दिसून आलें. आपली पूर्ण नोंद प्रत्येकास वर्षांतून एकदां विनामूल्य पाहतां येते. आमच्या चिरंजीवांनीं ती पांच वर्षें पाहिली नव्हती. वाचकांनीं आपल्या मुलांना ती आजच पाहावयास सांगावें.

आतां दानपत्राकडे वळूं, कारण खरी कसोटी तेथें होती. मसुदा आम्हींच लिहून आक्कापुढें ठेवला. तिनें चष्मा लावून तो दोनदां वाचला आणि विचारलें, "भाऊ, तूं त्याला काय सांगितलंस? हे पैसे हळूहळू मला परत दे, असं ना?" आम्ही चमकलों. मागल्या अंगणांत तुळशीपाशीं आम्हीं चिरंजीवांस अगदीं हेंच सांगितलें होतें. दरमहा पांच हजार गुपचूप द्यावे. बँकेला कळण्याचें कारण नाहीं. यांत आम्हांस खोटेपणा न दिसतां उलट न्यायच दिसत होता. आक्का म्हणाली, "मी सही केली तर ती खरी करीन. परत घ्यायचे असतील तर हें दान नव्हे. आणि मनांत एक, कागदावर एक, याचं फळ या घरानं पाहिलेलं आहे."

तिच्या बोलण्याचा रोख आम्ही ओळखला. १९९४ सालीं आमच्या सर्वांत धाकट्या बंधूंनीं धुळ्यास जागा घेतली, तेव्हां वडिलांनीं त्यांस ४०,००० रुपये दिले. तें कर्ज कीं बक्षीस, हें कोणीं बोललें नाहीं. बंधूंनीं तो आपला वांटा मानला. थोरले बंधु व आम्ही तें उसनें धरून बसलों. खुलासा न करतांच वडील गेले. त्यानंतर अकरा वर्षें दिवाळींत तिघे भाऊ एका पंक्तीला बसलों, पण बोलणें पाऊसपाण्यापुरतेंच. एक ओळ लिहिलेली असती तर तें सर्व टळलें असतें. कागदानें नातीं तुटतात असें आम्ही जन्मभर म्हणत आलों. आमच्या घरीं मात्र तीं कागद नसल्यानेंच तुटलीं होतीं.

त्या रात्रीं घरचीं सर्व माणसें एकत्र बसलीं. दान एकदां स्वीकारलें गेलें कीं नुसतें मन फिरलें म्हणून तें परत घेतां येत नाहीं, हें १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें तत्त्व थोरल्या बंधूंनीं समजावून दिलें. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलें दान, ती अट मोडल्यास, रद्द करून घेण्याची सोय वृद्धांसाठीं २००७ सालीं झालेल्या कायद्यांत आहे. पण बँकेला हवें तें दान बिनशर्त. मग आक्काच्या म्हातारपणाचें काय? प्रश्न तिच्यासमोरच विचारला गेला, आणि अशा गोष्टी बायकांच्या माघारीं ठरविण्याच्या या घरांत तसें प्रथमच घडलें. ठरलें तें असें : आक्कानें सात नव्हे, पांच लाख द्यावे, आणि ते कायमचे द्यावे. दोन लाख तिच्याच नांवानें राहावे. थांबण्याच्या दहा महिन्यांत चिरंजीवांनीं दरमहा वीस हजार बाजूस टाकून ती तूट भरावी. आणि आक्काच्या औषधपाण्यासाठीं आम्हां दोघां बंधूंच्या निवृत्तिवेतनांतून दरमहा ठराविक रक्कम तिच्या खात्यांत जावी. ही दानाची परतफेड नव्हे. दान झालें नसतें तरी तें आमचें कर्तव्यच होतें, आणि आजवर तें आम्हीं केलें नव्हतें.

दहा महिन्यांनीं गुणांक ७३१ झाला आणि कर्ज मंजूर झालें. उत्तम नोंदीच्या ऋणकोला पडतें त्याहून व्याज किंचित् जास्त पडलें. ती चुकीची किंमत चिरंजीवांनीं कुरकुर न करतां मान्य केली आहे. वास्तुशांतीला आक्का येथून आंबेमोहोराची पिशवी घेऊन गेली, आणि धुळ्याचे बंधुही आले. जेवणें झाल्यावर आम्हीं त्यांस गच्चीवर नेलें आणि वडिलांचे ते ४०,००० रुपये बक्षीसच होते, असें आज प्रथम स्वच्छ सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "आधीं सांगितलं असतंस तर मी एवढीं वर्षं हिशेब घालीत बसलों नसतों." परत आल्यावर आम्हीं लोखंडी पेटी उघडली. आजोबांच्या दोन गहाणखतांवर आक्काच्या दानपत्राची प्रत ठेवली, आणि किल्ली सर्वांना दिसेल अशी देवघराच्या खुंटीला अडकविली.