नळींतलें ग्रीस

मोटारीच्या अंतरंगांत हात घालण्याचें धाडस आम्हीं उतारवयांत केलें. मंचरच्या एका दुकानांतून आमच्या जुन्या पेट्रोल गाडीसाठीं ४ स्पार्क प्लग आणिले. वायरी धड दिसल्या म्हणून त्याच ठेविल्या. दुकानदारानें सिलिकोन ग्रीसची लहानशी नळी सोबत दिली व वायरीच्या रबरी टोपींत तें आंतून लावावयास सांगितलें. नळीवर लिहिलें होतें, कीं हें ग्रीस वीज वाहूं देत नाहीं. मग विजेच्याच वाटेवर तें कां लावावें? प्रश्न आम्हांस मोठा बुद्धिमत्तेचा वाटला, आणि नळी गाडीच्या खणांत पडून राहिली.

श्रावणांत मातोश्रींस घेऊन आम्ही भीमाशंकरास निघालों. घोडेगांव गेलें, डिंभ्याचें धरण आलें. जुनें आंबेगांव ज्या पाण्याखालीं गेलें, त्याकडे त्या बराच वेळ पाहत होत्या. पुढें चढ लागला, धुकें दाटलें, इंजिन उचक्या देऊं लागलें, आणि तिन्हीसांजेस एका वळणावर गाडी बंद पडली. मातोश्रींचें वय ८२. आदल्याच आठवड्यांत ताप येऊन गेलेला. मागें त्या कुडकुडत होत्या.

एका जीपवाल्यानें थांबून बॉनेट उघडलें व आम्हांस किल्ली फिरवावयास सांगितलें. त्या अंधारांत टोपीच्या कडेनें निळी ठिणगी पांढऱ्या चिनी मातीवरून सरसर खालीं धांवली. "काका, वीज बाहेरच पळतीय," तो म्हणाला.

प्लगच्या फटींतल्या दाबलेल्या वायूंतून उडी मारण्यास विजेला २०,००० व्होल्टांपर्यंतचा, कधीं त्याहूनहि अधिक, जोर लागतो. टोपी व चिनी माती ह्यांच्यामध्यें ओलावा शिरला, कीं ती सोपी वाट धरून इंजिनच्या धातूंत उतरते. ग्रीस ती वाट बुजवितें. धातूच्या टोकास तें माखावयाचें नसतें. रबराच्या आंतल्या कडेस पातळसा हात पुरे. टोपीहि मग चिकटून बसत नाहीं, पुढच्या खेपेस न फाटतां निघते. (चाकांचें साधें ग्रीस मात्र येथें नको, त्यानें रबर फुगतें.) वीज अडविणें हाच त्याचा गुण, आणि आम्ही नेमके त्या गुणावरच अडून बसलों होतों!

जीपवाल्यानें इंजिन बंद असल्याची खात्री करून टोप्या कोरड्या पुसल्या व ग्रीस आहे काय म्हणून विचारलें. आम्हीं मुकाट्यानें खणांतली नळी काढून दिली. तिचें बूच अद्याप शाबूत होतें. "वायरी बी बदला आता," एवढेंच तो म्हणाला. पैसे घेतले नाहींत.

दोन वळणें गेल्यावर मातोश्रींनीं मागून विचारलें, "अरे, ती नळी गाडींतच होती होय?"

आम्हीं समोरची कांच पुसावयास घेतली.