धक्क्याची वाटणी

शालेय विज्ञानाच्या पुस्तकात बंदूक मागे येण्याच्या क्रियेला 'प्रतिक्षेप' असा भारदस्त शब्द आहे. बोलीत मात्र बंदूक 'लाथ मारते'. आम्हां दोघांपैकी एकाने ही लाथ एन.सी.सी.च्या शिबिरात थ्री-नॉट-थ्री चालवताना अनुभवली आहे. दुसऱ्याला ती ऐकूनच ठाऊक. दोन दशके मराठी शिकवण्यात घालवलेल्या आम्हां पतिपत्नींचा बंदुकीशी याहून अधिक संबंध येण्याचे कारण नव्हते. तो आला टेक्सासमध्ये, डॅलसजवळ स्थायिक झालेल्या मावसभावामुळे. तिथे एआर-१५ पद्धतीची अर्धस्वयंचलित रायफल घरी असणे फारसे नवलाचे नाही. नवल आम्हांला वाटले ते त्याच्या खटपटीचे. गाडीच्या शेडमधल्या टेबलावर तो धातूच्या नळकांड्या एकेक करून तोलत होता. "वहिनी, काटा मात्र स्वयंपाकघरातला आहे हं," एवढे सांगून त्याने आमची शिकवणी सुरू केली.

तिचे सार असे. गोळी नळीतून पुढे जात असता तिच्या मागच्या वायूचा काही भाग एका छिद्रातून वळवला जातो. तो वायू रायफलीतला सरकता भाग मागे ढकलतो. रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. सरकता भाग दस्त्यातल्या स्प्रिंगला दाबत शेवटापर्यंत जातो आणि स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे लोटते, तेव्हा नवे काडतूस आत बसते. या सरकत्या भागाच्या आणि स्प्रिंगच्या मध्ये 'बफर' नावाची नळकांडी असते. तिच्या पोटात तीन छोट्या वजनांची रांग. साध्या बफरचे वजन सुमारे ८५ ग्रॅम. एक पोलादी वजन काढून तिथे टंगस्टनचे बसवले की 'एच', दोन बदलली की 'एच-२', तिन्ही बदलली की 'एच-३'. हा शेवटचा दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो. टंगस्टन पोलादाच्या जवळजवळ अडीचपट जड, म्हणून आकार तोच राहून भार वाढतो. ही वजने आत किंचित सरकतात. सरकता भाग पुढे येऊन आदळला की ती क्षणभर उशिरा येऊन आदळतात आणि त्याला उलट उसळू देत नाहीत.

बफर हलका असेल तर सारे वेगाने मागे येऊन दस्त्याच्या टोकावर आपटते. खांद्याला दुसरा धक्का बसतो, नळीचे तोंड हलते. जड बफर हीच हालचाल संथ करतो. पण तो फार जड झाला, तर सरकता भाग पुरेसा मागे येतच नाही आणि पुढचे काडतूस उचलले जात नाही. म्हणून भावाची रीत ठरलेली होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बफर बदलला तर स्प्रिंगला हात लावायचा नाही. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरायचे आणि ते उडाल्यावर सरकता भाग मागे अडकून राहतो का ते पाहायचे. वापरात असलेल्या सर्वांत कमजोर काडतुसावरही तो अडकला पाहिजे.

आम्ही प्रवासी व्हिसावर होतो आणि तिथल्या केंद्रीय कायद्याचे आमच्यासारख्यांवर निर्बंध आहेत. त्यामुळे नेमबाजीच्या मैदानावर आम्ही केवळ प्रेक्षक होतो. भावाने आम्हांला रिकामी काडतुसे कुठे पडतात ते पाहायला सांगितले. नळीची दिशा घड्याळातले बारा मानली, तर ती साधारण तीन ते साडेचारच्या दिशेला पडावीत. एक-दोनकडे जाऊ लागली की हालचाल अतिवेगवान. पाचच्या मागे रेंगाळली की वायू अपुरा किंवा वजन जास्त. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे, हेही त्याने बजावले. 'एच-२' बसवल्यावर पितळी काडतुसांचा एक आटोपशीर ढीग चारच्या बाजूला जमला.

"म्हणजे धक्का कमी झाला?" आम्ही विचारले.

"छे! धक्का तेवढाच. गोळी तीच, तिचा वेग तोच. मी फक्त तो जरा लांबवून वाटला."

न्यूटनचा तिसरा नियम आम्ही इतका नेमका यापूर्वी ऐकला नव्हता. एकूण संवेगात बफर काही फेरफार करू शकत नाही. तो खांद्यापर्यंत किती वेळात आणि कशा रीतीने पोहोचावा, एवढेच त्याच्या हाती.

या नळकांडीला इतिहासही आहे. यूजीन स्टोनर यांच्या आराखड्यातून आलेली एम-१६ व्हिएतनाममध्ये गेली, तेव्हा काडतुसातली दारू मूळ योजनेतली राहिली नव्हती. नव्या दारूने गोळीबाराचा वेग वाढला, मळ जास्त साचू लागला. नळीच्या कोठीला क्रोमचा मुलामा नव्हता आणि सफाईची साधने पुरेशी पोहोचली नव्हती. ऐन चकमकीत रायफली अडकल्या, सैनिक मारले गेले. त्यांनी घरी लिहिलेली पत्रे लोकप्रतिनिधींपर्यंत गेली आणि १९६७ मध्ये काँग्रेसमन इकॉर्ड यांच्या उपसमितीने चौकशी करून लष्करी व्यवस्थेवर कडक ठपका ठेवला. त्याच सुमारास जुना हलका बफर जाऊन सरकत्या वजनांचा जड बफर आला. आज छंद म्हणून तोलल्या जाणाऱ्या वजनांमागे ही पत्रे आहेत. कागदावर एका ठिकाणी केलेल्या बदलाचा भार दुसऱ्या ठिकाणी कुणाला तरी सोसावा लागला होता.

मात्र आम्ही शिक्षक आहोत, आणि टेक्सासमध्ये बसून दुसरी एक गोष्ट विसरणे आम्हांला शक्य नव्हते. २४ मे २०२२ रोजी त्याच राज्यातल्या युवाल्डी गावी, रॉब प्राथमिक शाळेत, याच जातीच्या रायफलीने एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. ही रायफल हाताळायला सोपी, खांद्याला सौम्य. तिच्या लोकप्रियतेच्या कारणांत हेही एक कारण. रात्री जेवणानंतर आम्ही हे बोललो. भावाने वाद घातला नाही. रायफल कुलूपबंद तिजोरीत असते, ती त्याच्या दृष्टीने खेळाचे साधन आहे, आणि नीट जुळवलेले यंत्र बेभरवशाच्या यंत्रापेक्षा सुरक्षित, हे त्याने शांतपणे सांगितले. ते खोटे नव्हते. मग तो थोडा थांबला. त्याची मुलगी पाचवीत आहे. वर्गाचे दार लावून, दिवे मालवून, आवाज न करता कोपऱ्यात बसण्याचा सराव तिच्या शाळेत घेतला जातो. "पहिल्यांदा घरी येऊन तिने मला ते दाखवलं, तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं," तो म्हणाला.

त्याच्या कौशल्याविषयी आमचा आदर कमी झालेला नाही. अभ्यास, संयम, एका वेळी एकच बदल करून पाहणे, ही शिस्त आम्ही आमच्या विद्यार्थ्यांकडूनही मागतो. प्रश्न त्याच्याच वाक्याने उभा केला आहे. धक्का नाहीसा होत नसेल, केवळ वाटला जात असेल, तर वाटणीत कुणाच्या वाट्याला किती आला, हे विचारावेच लागते. दुपारी तो हिशेब ग्रॅममध्ये मांडता आला होता. रात्री जेवणाच्या टेबलावर, शेजारच्या खोलीत पाचवीतली मुलगी झोपलेली असताना, आमच्यापैकी कुणालाही तो मांडता आला नाही.